टपावरचं पोळं

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या डॉक्टरांकडे मराठी कानावर पडलं, तशी संहितानं मान मासिकात आणखी खाली घातली. समोर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा डोळा टम्म सुजलेला.

“कॅम्पर गाडीच्या टपावरच्या एसीत गांधीलमाश्यांचं पोळं आहे, हे तुला ठाऊक होतं?”

“मे महिन्यापासून.”

“आणि बोलली नाहीस?”

“तू मोडलं असतंस.”

“मोडलंच आज. फवारा मारून खरवडून काढलं.”

“सगळं?”

“सगळं. अगं, पण ठेवलंस कशाला?”

“आई म्हणतात ना, कुंभारीण माशीनं घर केलं की मोडू नये. पाळणा हलतो.”

“ती मातीचं घर करते गं. ह्या गांधीलमाश्या होत्या.”

“कळतं रे मला. पण सात वर्षांत दुसरं कोण आलं आपल्याकडे घर करायला?”