सात मीटर

कमलाबाई : मग तो गोरिला आधी कोणावर धावला? तुझ्यावर की त्या गाइडवर?

रविंद्र : गाइडवर, आई. किती वेळा सांगू? गिडियन पुढे होता. त्यानंच आम्हाला नको तितकं जवळ नेलं.

कमलाबाई : युगांडाहून येऊन दहा दिवस झाले. तेव्हापासून सुरभी तुझ्याशी बोलून नाही राहिली. आज सकाळी तिथल्या जंगलवाल्यांचा तो चौकशीचा कागद आला, तर पोरगी डबा न घेताच फार्मसीत गेली. नवराबायकोत पडायची मला हौस नाही, रवी. पण मी चाळीस वर्षं नर्स होते. दुखतं कुठं ते मला कळते.

रविंद्र : काही दुखत नाही. गाइडची चूक होती, एवढं लिहून सही करायची. तिथे तोंडी सांगितलेलंच आहे.

कमलाबाई : आली पाहा ती. सुरभी, चहा ठेवू का?

सुरभी : नको, आई. ट्रेन वेलिंग्टनहूनच उशिरा सुटली. रवी, सही केलीस?

रविंद्र : करतोय.

सुरभी : हॉस्पिटलमध्ये सगळे विचारतात ना तुला, ट्रिप कशी झाली? काय सांगतोस? इथल्या लोकांसारखं ‘स्वीट ॲज’, एकदम मस्त?

रविंद्र : सुरभी, आईसमोर नको.

कमलाबाई : माझ्यासमोरच बोला. तूच सांग, बाई.

सुरभी : चार तास चढलो, आई. गुडघाभर चिखल. माग काढणारे ट्रॅकर पुढे कोयत्यानं वेली तोडत होते. मग एका ओढ्यापलीकडे ते दिसले. तीन माद्या, दोन पिल्लं आणि पाठीवरचे केस रुपेरी झालेला तो मोठा नर, पाला खात बसलेला. गिडियननं हात आडवा धरला. म्हणाला, सात मीटर. यापुढे एक पाऊल नाही, आणि फ्लॅश नाही.

रविंद्र : पिल्लूच माझ्याकडे आलं होतं.

सुरभी : आलं होतं. गिडियन म्हणाला, मागे सरका. तू सरकलास? तू वाकून आणखी पुढे गेलास आणि फ्लॅश उडाला. पिल्लू किंचाळलं.

कमलाबाई : अन् मग?

सुरभी : झाडं मोडत तो नर सरळ रवीवर आला. गिडियननं रवीला खांद्यानं ढकलून चिखलात पाडलं आणि स्वतः मध्ये उभा राहिला. त्या नरानं त्याचा दंड तोंडात धरला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं, आई. मग धुणं आपटतात तसं आपटलं त्याला. एकदा, दोनदा. आणि ओढत घेऊन चालला.

रविंद्र : पुरे.

सुरभी : रेंजरनं दोन गोळ्या हवेत झाडल्या. सोडेना. तिसरी छातीत मारली, तरी दात निघेनात. चौथीला तो खाली बसला. छातीला हात लावला आणि बोटांवरचं रक्त बघत राहिला. तसाच कलंडला.

कमलाबाई : माय वं!

रविंद्र : मी पळालो नाही, आई. बेल्ट काढून गिडियनच्या दंडाला आवळला. तीन तास लोक त्याला डोलीतून उतरवत होते आणि माझी बोटं त्याच्या जखमेत होती. मी नसतो तर तो वाटेतच गेला असता.

कमलाबाई : हात वाचला?

रविंद्र : नाही. खांद्यापासून काढला.

सुरभी : डोलीत तो रडत होता. मला वाटलं, दुखतंय. तो त्या नरासाठी रडत होता, आई. आठ वर्षं रोज जाऊन त्यानं त्याला माणसांची सवय लावली होती. म्हणत होता, आता दुसरा नर येईल आणि पिल्लं मारून टाकील.

कमलाबाई : अन् तू तिथल्या साहेबाला काय सांगितलं, रवी?

रविंद्र : अंगभर रक्त होतं. त्यांनी विचारलं, इतक्या जवळ कोणी नेलं? तोंडून निघून गेलं, गाइडनं. एकदा बोलून गेल्यावर... तिथे अटक झाली असती, आई. इथे माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं असतं.

सुरभी : मी बाजूलाच उभी होते. मीही तोंड उघडलं नाही. माझीही सही मागितलीय त्यांनी.

रविंद्र : आणि नोकरी त्याची तशीही गेलीच ना? एका हातानं जंगलात काय करणार तो?

कमलाबाई : थोबाड फोडीन तुझं.

रविंद्र : आई!

कमलाबाई : तू पाचवीत होता. नागपूरला माझ्या वॉर्डात एका पोराला भलत्या गटाचं रक्त चढलं. मी दोनदा म्हटलं, डॉक्टर, बाटली तपासा. लाव म्हणाला. पोरगं गेलं. त्याचे लोक आले, तर डॉक्टर म्हणते, सिस्टरला विचारा. सहा जणांनी मला भिंतीशी धरून सलाईनच्या स्टँडनं मारलं. दोन दात तिथंच फरशीवर पडले. हा डावा कान गेला तो त्या दिवशी.

रविंद्र : तू तर म्हणायचीस, जिन्यावरून पडलीस.

कमलाबाई : तुला डॉक्टर व्हायचं होतं. काय सांगत बसू? तो डॉक्टर दारात उभा होता, रवी. मार खाताना मी त्याच्याकडेच पाहून राहिले होते. एक शब्द बोलला असता. एक. पाणी प्यायला निघून गेला.

सुरभी : रवी, इकडे बघ. तो कागद फाडून टाक.

रविंद्र : आणि डॉक्टरकी गेली तर? या घराचे हप्ते?

कमलाबाई : मी सहा महिने घरी बसून होते. तेव्हाही तू जेवलाच न?

रविंद्र : पेन दे, सुरभी. खरं काय झालं ते लिहितो.

सुरभी : दुसऱ्या कागदावर मी लिहिते. गप्प राहिले, तेही लिहिते.

कमलाबाई : कागद पोचायला दिवस लागतात. तिथं आता सकाळ असेल. आधी फोन कर त्याला.

(रविंद्र आतल्या खोलीत जातो. अर्ध्या तासानं बाहेर येतो.)

सुरभी : लागला?

रविंद्र : वॉर्डातल्या नर्सनं फोन त्याच्या कानाशी धरला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, परवा दुसरा नर आला. एक पिल्लू मारलं. दुसरं सापडत नाही.

कमलाबाई : तुला माफ केलं?

रविंद्र : नाही. म्हणाला, शेजारी माझी बायको बसलीय. तीही रोज विचारते, कशाला नेलंस त्यांना एवढं जवळ? तिला सांग. मी म्हटलं, मला तुमची भाषा येत नाही. म्हणाला, तू इंग्रजीत बोल, मी सांगतो तिला.

सुरभी : मग?

रविंद्र : मी एकेक वाक्य बोलत गेलो आणि तो तिला सांगत गेला.

कमलाबाई : सगळं?

रविंद्र : सगळं. ‘गिडियनची चूक नव्हती’, एवढं मात्र त्यानं मला दोनदा म्हणायला लावलं.