फायनलचं मैदान

भोकरदनहून जालन्याला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोन क्रीडाशिक्षक बसले होते, भोकरदनचे कडूबा सर आणि हसनाबादच्या ज्योत्स्ना मॅडम. मुलींची राज्यस्तरीय फुटबॉल स्पर्धा भरवायला दोन्ही शाळांनी मिळून एकच अर्ज भरला होता आणि तो द्यायलाच ते निघाले होते. फायनलच्या मैदानाचा रकाना तेवढा कोरा होता.

“फायनल आमच्याकडंच लिहा, मॅडम. आमच्या मैदानाला बसायला पायऱ्या हायेत. तुमच्याकडं लोकं कुठं बसतील?”

“बांधावर बसतील. पण मैदान आमचं मोठं हाये, सर.”

“मोठं हाये, पण दिवाळीनंतर त्याच्यावर सगळ्या गावाची मका वाळती. कमिटीनं पाह्यलं तर दोघांचाबी अर्ज जाईल.”

“सोनूबाईसंग बोलले मी. सगळ्यात आधी मका तिचीच पडती. ती म्हणली, पोरी खेळतील तवर आम्ही रोडवर वाळवू.”

“ते बराबर हाये, पण...”

“तुमचं मैदान त्या दिवशी खाली हाये ना? सर?”

“आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतणीचं लग्न हाये. मंडप मैदानावरच.”

“फायनलच्या दिवशी? अन् हे तुम्ही आता सांगून राह्यले?”

“पत्रिका कालच आली.”

“मंग मी हसनाबाद लिहिते.”

“लिहा. पण लोकाईच्या बसायचं काय?”

“लग्नाचा मुहूर्त कितीचा हाये?”

“बारा पस्तीसचा.”

“म्हंजी लागंल दोनला. फायनल चारची लिहिते. येताना मंडपातल्या खुर्च्या घेऊन या.”