कुंपण कुणी काढलं?

सकाळचे अकरा, अहमदपूरकडच्या एका खासगी गोदामाचं ऑफिस. मी बातमीसाठी बसलो होतो. मुखेडची पौर्णिमा तिथं सोयाबीनच्या ओलाव्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम बसवत होती. गोदामातले कॉम्प्युटर वेगवेगळ्या जातीचे, म्हणून तिनं तो कुठंही चालेल आणि कुंपणात राहील असा कंपाइल केला होता. आपण उघडून देऊ तेवढंच फोल्डर त्याला दिसायचं. पहिल्यांदा टार्गेट, म्हणजे प्रोग्राम कुठल्या प्रकारात बनवायचा ती निवड, चुकलं; त्या प्रकारात फाइल वाचायची सोयच नव्हती. तिनं टार्गेट बदलून पुन्हा कंपाइल केलं, मग चाललं.

मॅनेजर म्हणाले, "मॅडम, एकच फोल्डर कशाला? अख्खी डिस्क देऊन टाका. आमच्यावर भरवसा न्हाई का?"

"तुमच्यावर हाय, सर. माझ्या प्रोग्रामवर न्हाई."

"सोताच लिहिलेल्या?"

"मीच लिहिला म्हणून तर."

मी हसलो. मॅनेजर काही हसले नाहीत.

पुढं हंगामात त्याच कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या फोल्डरमधली हमालांची सगळी हजेरी पुसली गेली. जुन्या फाइली साफ करताना पौर्णिमाच्या प्रोग्रामनं ती उडवली होती. तिचं काम काढून घेतलं. ती मॅनेजरना भेटायला निघाली, तेव्हा मीही तिच्यासोबत गोदामात गेलो.

ती म्हणाली, "चूक माझीच हाय, सर. पन चूक होनार म्हणूनच कुंपण घातलं होतं."

मॅनेजर म्हणाले, "चौकशी चालू हाय."

स्क्रीन मी स्वतः पाहिली. त्या प्रोग्रामला अख्खी डिस्क उघडून दिलेली होती. कुणी दिली, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.