विटेतली चार बोटं

प्रणालीला भुताखेतांवरून चिडवणं मी सोडलंय, का ते सांगते. आम्ही दोघी अंधेरीच्या कॉलेजातून रोमला स्टडी टूरवर गेलो होतो. भर दुपारी, जुन्या स्नानगृहाच्या अवशेषांत सर भिंतीतली एक वीट दाखवत होते. वीट ओली असताना कुणा कामगाराची चार बोटं तिच्यात रुतली होती आणि ठसे तसेच भाजले गेले होते.

आमची प्रणाली पडली वाकोल्याची, हात लावल्याशिवाय राहील कशी! सर पुढे सरकताच तिने त्या ठशांत बोटं घातली. "फिट बसली यार!" म्हणून हसली आणि एकदम थिजली.

"चल गं, सगळे पुढे गेले," मी म्हटलं. तिचे ओठ पांढरे पडलेले. खांदा धरून ओढलं, तरी हात भिंतीलाच. मी सरांना हाक मारणार, तेवढ्यात ती झटक्याने मागे आली आणि रडायलाच लागली. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

परवा घाटकोपरला चहा पिताना सहज विचारलं, "तेव्हा हात काढायला एवढा वेळ का लावलास गं?"

कप खाली ठेवून ती म्हणाली, "मी कुठे काढला? पलीकडून कुणीतरी सोडला."