लाल खोलीची दुरुस्ती

अरे, माझ्या पेंटिंग क्लासचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. शाळेतून रिटायर झालो आणि गंगापूर रोडवर एका मॅडमकडे शिकायला जाऊ लागलो. त्यांनी एका फ्रेंच चित्राची प्रिंट दिली, हुबेहूब उतरवायला. लालभडक खोली, कललेलं टेबल आणि शेजारी हिरव्या तोंडाची बाई. आठ दिवस खपलो आणि मोठ्या अभिमानाने चित्र त्यांच्यापुढे ठेवलं.

मॅडम बघतच राहिल्या. “सर, लाल भिंती कुठे गेल्या?”

“क्रीम केल्या. टेबल पट्टीने सरळ केलं. बाईचं तोंडही माणसात आणलं.”

“पण मूळ चित्रात तसंच होतं ना!”

“होतं. म्हणून तर दुरुस्त केलं.”

मॅडमनी हसू दाबत विचारलं, “मग त्या चित्रकाराला किती मार्क द्याल?”

मी जरा विचार केला. “काठावर पास. मुलगा हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं.”