टेबलाखालच्या खडूच्या रेघा

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले व्यवस्थापक माननीय देवस्थळीसाहेब, व्यासपीठावर बसलेले कामगार संघटनेचे नंदकिशोर पाटील, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती चारुलता मोघेबाई, त्यांच्या घरची मंडळी आणि वाइंडिंग खात्यातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. घड्याळ काढून समोर ठेवलं आहे. मी, दिनानाथ कोळंबकर, सातवीत शाळा सोडली. पुढचं सगळं हातांनी आणि फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांनी शिकवलं. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही, हे तुम्ही जाणताच.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या खात्यात ट्रान्सफॉर्मरची कॉइल हाताने हँडल फिरवून गुंडाळतात. सहाशे चाळीस वेढे म्हणजे सहाशे चाळीस. मी फोरमन झालो तेव्हा एक नियम केला: वेढे मनात मोजायचे, दर शंभर वेढ्यांना खुणेची खडूची रेघ ओढायची नाही. मी स्वतः असाच शिकलो होतो. रेघ ओढणं मला कमीपणाचं वाटे.

मोघेबाई खात्यातल्या सर्वांत पक्क्या कारागीर. पण १९७९च्या जानेवारीत त्या सात आठवड्यांच्या रजेवरून परतल्या आणि त्यांच्या कॉइली टेस्टिंगला नापास होऊ लागल्या. कधी सहाशे बारा वेढे, कधी सहाशे पंचावन्न. तारेचा ताण मात्र पूर्वीइतकाच सुंदर. मग १४ मार्चला माझा पेन्सिलीचा तुकडा खाली पडला. तो उचलायला वाकलो, तर बाईंच्या टेबलाखाली खडूच्या रेघा.

मी मेमो दिला. ‘कामात दुर्लक्ष, चोरून खुणा करणे.’ बाईंनी सही केली आणि पुढची कॉइल लावली. बोलल्या त्या शेजारच्या टेबलावरच्या, उरणच्या आमच्या रशिदाबाई.

“साहेब, बाईंना काय झालता, इचारलंत काय?”

“ताप आला होता. रजेच्या अर्जात लिहिलंय.”

“ताप डोक्यात गेलता. आठ दिवस पोटच्या पोराला वलखत नव्हत्या. आता मधीच कोनी हाक मारली का आकडा पुसला जातो. आनि तुमी दिवसातून चाळीस येळा हाक मारता.”

सभागृहात हसू आलं, ठीक आहे. त्या दिवशी मला आलं नाही.

मी बाईंच्या यजमानांकडून हॉस्पिटलचा कागद मागून घेतला. विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज, असं निदान होतं. मग रविवार वाचनालयात घालवले, आणि जे कळलं नाही ते डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, विषाणू निघून जातो, ताप उतरतो, माणूस चालतो-बोलतो, पण सुजेने जिथे इजा केली तिथलं काम कायमचं अधू राहू शकतं. बाईंची जुनी आठवण शाबूत, हातांचं कसब शाबूत. आत्ताची गोष्ट धरून ठेवण्याची ताकद तेवढी गेली. दुपारनंतर थकवा यायचा तोही त्यातूनच.

मला ते माझ्या भाषेत समजलं. कॉइलमध्ये दोन-चार वेढे जळून आपसांत चिकटले, तरी ती लगेच बंद पडत नाही. बाहेरून धडधाकट दिसते. आत मात्र तापत राहते. अशा कॉइलला आपण आळशी म्हणतो का? मग मी बाईंना काय म्हटलं होतं?

कुर्ल्याच्या भंगारात जुन्या मागावरचा, फेरे मोजणारा काउंटर मिळाला. तो बाईंच्या मशीनला बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पहिली कॉइल सहाशे चाळीस. दुसरीही सहाशे चाळीस. तेव्हा रशिदाबाई म्हणाल्या, “आता साहेबांची बी होऊन जाऊ दे.” काउंटरवर फडकं टाकलं. मी मनात मोजून सहाशे चाळीसला थांबलो. फडकं काढलं.

सहाशे त्रेचाळीस.

आता हसा, आता परवानगी आहे.

त्यानंतर महिन्याभरात सगळ्या मशीनना काउंटर लागले, नापास कॉइली कमी झाल्या. त्याचं कौतुक माझ्या नावावर जमा आहे. पण त्याची सुरुवात टेबलाखालच्या त्या रेघांनी केली होती. ज्या बाईंचा आकडा पुसला जात होता, त्यांनी स्वतःसाठी उपाय शोधला होता, आणि मी त्याला चोरी म्हटलं.

बाईंना तो मेमोचा दिवस आठवत नाही. आजारापासून त्या सगळं एका वहीत टिपून ठेवतात; परवा मी विचारलं तर ती वही उघडून म्हणाल्या, “इथे नाहीये, म्हणजे महत्त्वाचं नसेल.” त्यांच्या दृष्टीने विषय संपला. पण मेमो आजही त्यांच्या फाइलीत आहे. त्याच्यामुळे त्यांची वरची श्रेणी दोन वर्षं अडली. नऊ वर्षं मला तो काढून घ्या म्हणायला जमलं नाही. चुकीची नोंद ठेवून कुणी निवृत्त होऊ नये, निदान माझ्या खात्यातून तरी.

अध्यक्षमहाराज, फाइल मी सोबत आणली आहे. त्या मेमोखाली मी एवढंच लिहिलं आहे: ‘रेघा योग्य होत्या. नियम चूक होता. दि. कोळंबकर, फोरमन, ३० एप्रिल १९८८.’ मेमो रद्द झाला, अशी आपली सही हवी. पेन माझ्याकडे आहे.

धन्यवाद, साहेब. सभेने पाहिलं. मोघेबाई, हे मात्र वहीत लिहा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. पाच मिनिटांची साडेसहा झाली. आणखी काही कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला. घड्याळ समोर असूनही आज मी मनातच मोजत होतो.