बाजीनानांचं चूर्ण

मंडळी, ऐका! आज प्रश्न साधा आहे — आपलं भलं झालं, तर ते नेमकं कशानं झालं, हे माणसाला कळतं का? लगेच माना डोलवू नका!

वाईत तांब्याची भांडी घडवणारे बाजीनाना तांबट. वय बासष्ट. रक्त तपासलं — कोलेस्टेरॉल दोनशे अडुसष्ट! डॉक्टर मुजावरबाई म्हणाल्या, "नाना, गोळी सुरू करू. आणि खाणं सांभाळा."

नाना घरी येऊन बायकोला म्हणाले, "चंद्रा, गोळी एकदा लागली की सुटत नाही. निसर्गात आहे की सगळं!"

झालं! जवस भाजला, मेथी कुटली, वाळवलेला लसूण घातला. रोज सकाळी चमचाभर चूर्ण — आणि तोंड असं वाकडं! हसताय काय? तुमच्या फडताळात नाही अशी बरणी?

तीन महिन्यांनी तपासणी — दोनशे पाच! नाना रिपोर्ट घेऊन आळीभर फिरले. शेजारी सखाहरी शिंपी. वर्षापूर्वीच त्याच्या हृदयात स्टेंट बसवलेला. त्यानं विचारलं, "नाना, मग माझ्या गोळ्या?"

नाना म्हणाले, "बंद कर! हे घे."

दोन महिने गेले. शिलाई मशीनवरच सखाहरीनं छाती धरली! घामानं चिंब. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. वाचला — पण थोडक्यात.

नाना बाहेर बाकावर. मुजावरबाई आल्या. रागावल्या? नाही! शेजारी बसल्या नि विचारलं, "नाना, त्या तीन महिन्यांत तुम्ही काय काय केलंत?"

"चूर्ण घेतलं."

सोबत आलेल्या चंद्राबाई म्हणाल्या, "आणि खारी सोडली, रोजची भजी सोडली. रोज माझ्याबरोबर घाटापर्यंत चालायला लागले. तंबाखूही सुटली."

नाना चक्रावले. "मग उतरलं कशानं?"

"नक्की मलाही सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "जवसानं थोडा हातभार लागला असेल. पण तुम्ही पाच गोष्टी बदलल्यात नि श्रेय एकीलाच दिलंत. आणि सखाहरींचं दुखणंच वेगळं. स्टेंटवाल्याची गोळी अशी मनानं बंद करायची नसते."

नाना आत गेले. खाटेशेजारी उभे राहिले. "सखा, तुझं दुखणं काय हे न विचारताच मी वैद्य झालो. चुकलो रे!"

सखाहरी हळूच म्हणाला, "मी तरी डॉक्टरीणबाईंना कुठं विचारलं? गोळीचा कंटाळा आला होता. तुम्ही मला हवं तेच बोललात."

पाहा मंडळी! एकाला सांगायची हौस, दुसऱ्याला ऐकायची सोय — आणि मधे एक जीव टांगलेला!

नाना आजही जवस खातात. पण कुणी चूर्ण मागितलं की आधी विचारतात, "तुला झालंय काय? गोळ्या कुठल्या चालू आहेत? डॉक्टरांना विचारलंस?"

आता तुम्ही — हो, खांबाला टेकलेले तुम्हीसुद्धा! या महिन्यात कुणाकुणाला औषध सांगितलंत? घरी गेल्यावर त्यातल्या एकाला तरी फोन करा नि विचारा — "बाबा, तू गोळी बंद तर नाही ना केलीस?"